तारखांचा घोळ: सोलापूरकरांकडून सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

संध्याकाळी सहानंतर मी एका अभ्यासिकेत पोरांचा इतिहास घेतो, तलाठी भरतीवाले, पोलीस भरतीवाले, एमपीएससीवाले सगळे एकत्रच बसतात. गेली काही वर्षं फोनवर तेच तेच प्रश्न येतायत, कुणी गाईडच्या पानाचा फोटो पाठवतं, कुणी व्हॉट्सॲपवर आलेला फॉरवर्ड, आणि १२ जानेवारी किंवा १७ सप्टेंबर जवळ आला की गावातली मोठी माणसंपण विचारायला लागतात. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. आधी सोपं, मग अवघड. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथं नंबर दिलाय, तिकडं बघा.

१. आधुनिक भारताचा इतिहास नेमका कुठल्या वर्षापासून धरायचा? प्रत्येक पुस्तकात वेगळं दिलंय.

ठरलेली अशी एक तारीख नाहीच. कुणी १७०७ धरतं (औरंगजेब गेला), कुणी २३ जून १७५७ ची प्लासीची लढाई. माझं विचाराल तर प्लासीपेक्षा बक्सार महत्त्वाचं, कारण प्लासीत कंपनीनं नवाब बदलला पण २२ ऑक्टोबर १७६४ ला बक्सारला जिंकल्यावर १७६५ मध्ये बंगाल, बिहार, ओरिसाचा महसूल गोळा करायचा हक्कच तिच्या हातात आला, आणि महसूल ज्याच्या हातात राज्य त्याचं. आपल्या भागापुरतं बोलायचं तर १८१८. त्या वर्षीच्या मे महिन्यात जनरल मन्रोनं सोलापूरचा भुईकोट घेतला. परीक्षेला मात्र तुमच्या अभ्यासक्रमात जे वर्ष दिलंय तेच धरा.

२. सर, तारखा पाठच होत नाहीत, दुसऱ्या दिवशी सगळं गायब. काय करू?

सुट्या तारखा पाठ करूच नका, सुट्या राहतच नाहीत. एक दोरी घ्या आणि तिच्यावर कपडे वाळत घालावेत तशा तारखा टांगा, एक घटना दुसरीला का कारण झाली ते कळलं की तारीख आपोआप जागेवर बसते. मी पोरांना पहिल्यांदा १९३० ची दोरी देतो कारण ती आपल्या गावातून जाते.

३१ डिसेंबर १९२९ च्या मध्यरात्री लाहोरला रावीच्या काठी पूर्ण स्वराज्याचा झेंडा. २६ जानेवारी १९३० ला देशभर स्वातंत्र्याची प्रतिज्ञा. १२ मार्चला गांधीजी साबरमतीहून निघाले, ६ एप्रिलला दांडीला मीठ उचललं. १८ एप्रिल चितगावच्या शस्त्रागारावरचा हल्ला, २३ एप्रिल पेशावरचा गोळीबार. ५ मेला गांधीजींना अटक, तिची बातमी सोलापुरात आली, ८ मेला इथं गोळीबार, १२ मेला मार्शल लॉ, म्हणजे लष्कराचा अंमल. २१ मेला धारासनाच्या मिठागरावरचा सत्याग्रह. ३० जूनला मार्शल लॉ उठला. १२ नोव्हेंबरला लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद. १२ जानेवारी १९३१ ला सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी (प्रश्न ९ बघा). ५ मार्चला गांधी-आयर्विन करार, २३ मार्चला लाहोरला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी.

आता या दोरीवर बारा तारीख किती वेळा आली बघा: १२ मार्च, १२ मे, १२ नोव्हेंबर, १२ जानेवारी. हे एकदा फळ्यावर गोल करून दाखवलं की पोरं वर्षभर विसरत नाहीत. एक मुलगी तर वहीच्या कव्हरवरच चार बारा लिहून आणायची आणि प्रत्येकाच्या खाली एका शब्दात घटना: मीठ, लष्कर, लंडन, फाशी.

३. एकाच घटनेच्या दोन-दोन तारखा दिसतात, यातली खरी कुठली?

बऱ्याचदा दोन्ही खऱ्या असतात, पण त्या वेगवेगळ्या गोष्टींच्या असतात. जाहीर कधी झालं, सही कधी झाली, लागू कधी झालं, ह्या तीन तारखा वेगळ्या पडतात आणि गाईडवाला त्यातली एकच उचलतो. बंगालची फाळणी जुलै १९०५ मध्ये जाहीर झाली, लागू झाली १६ ऑक्टोबर १९०५ ला, आणि ती रद्द केल्याचं जाहीर झालं १२ डिसेंबर १९११ ला दिल्ली दरबारात. त्याच दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेणार हेही जाहीर झालं, पण नव्या दिल्लीचं उद्घाटन व्हायला फेब्रुवारी १९३१ उजाडला. स्वातंत्र्याचा कायदा १८ जुलै १९४७ चा, स्वातंत्र्य १५ ऑगस्टचं. तेव्हा प्रश्न वाचताना क्रियापदाखाली पेन्सिलनं रेघ मारा. 'मंजूर', 'लागू', 'जाहीर', 'सुरू' हे शब्द सारखे वाटतात पण मार्क तिथंच जातात.

४. संविधान २६ नोव्हेंबरला झालं का २६ जानेवारीला?

स्वीकारलं २६ नोव्हेंबर १९४९ ला, म्हणून तो संविधान दिन. सदस्यांनी सह्या केल्या २४ जानेवारी १९५० ला, त्याच दिवशी 'जन गण मन' राष्ट्रगीत म्हणून ठरलं. पूर्ण लागू २६ जानेवारी १९५० ला. आणि दोन महिने थांबून २६ जानेवारीच का, तर १९३० चा तो प्रतिज्ञेचा दिवस जपायचा होता (प्रश्न २ मधली दोरी बघा), १९३० पासून १९४७ पर्यंत लोक हाच दिवस स्वातंत्र्यदिन म्हणून पाळत होते. एक बारकावा विचारतात: नागरिकत्व, निवडणूक अशी काही थोडी कलमं २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाली होती.

५. रात्री घडलेल्या घटनांची तारीख आदल्या दिवशीची लिहायची का दुसऱ्या दिवशीची?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण आपल्या इतिहासात किती गोष्टी रात्री घडल्यात ते मोजायला गेलं की कळतं. साधा नियम, घड्याळात बारा वाजून गेले की तारीख बदलली. गांधीजींना कराडीच्या छावणीत पकडलं ते मध्यरात्र उलटल्यावर, म्हणून ५ मे १९३०, जरी काही पुस्तकं ४ मेची रात्र म्हणत असली तरी. 'चले जाव'चा ठराव मुंबईत गवालिया टँकवर ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री झाला, धरपकड ९ तारखेला पहाटे, आणि क्रांतिदिन आपण ९ ऑगस्टला पाळतो कारण त्या दिवशी पुढारी आत गेले आणि चळवळ लोकांच्या हातात आली. आणीबाणीवर राष्ट्रपतींची सही २५ जून १९७५ च्या रात्री, देशाला रेडिओवरून कळलं २६ च्या सकाळी. प्रश्नात 'घोषणा' म्हटलं तर २५ जूनच लिहा. उठली २१ मार्च १९७७ ला.

६. मग पाकिस्तान १४ ला आणि आपण १५ ला, असं कसं? एकाच कायद्यानं दोन्ही झाले ना?

कायद्यात दोघांचीही तारीख १५ ऑगस्टच आहे. माउंटबॅटन १४ ला कराचीच्या समारंभाला जाऊन आले आणि मग रात्री दिल्लीत, म्हणून समारंभ वेगळ्या दिवशी पडले. पाकिस्ताननं १९४८ मध्ये काढलेल्या पहिल्या स्मारक तिकिटांवरसुद्धा १५ ऑगस्ट १९४७ छापलंय, १४ तारीख नंतर रूढ झाली. याच्यापेक्षा जास्त लक्षात ठेवण्यासारखी तारीख १७ ऑगस्ट आहे. रॅडक्लिफनं आखलेली सीमा त्या दिवशी जाहीर झाली, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाले तरी पंजाब-बंगालमधल्या कितीतरी गावांना आपण कुठल्या देशात आहोत हेच माहीत नव्हतं. हे वाक्य शिकवताना माझा आवाज दरवेळी खाली येतो.

७. सोलापूरला मार्शल लॉ कधी लागला आणि का? थोडक्यात नको, नीट सांगा.

नीटच सांगतो. तेव्हाचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, भोंगा झाला की रस्ते माणसांनी भरायचे, तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू सगळ्या बोलीतली माणसं. गांधीजींना पकडल्याची बातमी मे १९३० च्या पहिल्या आठवड्यात आली तशी हरताळ पडला, मिरवणुका निघाल्या. ८ मेला लोक रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला गेले. शिंदीपासून दारू, दारूवर सरकारचं उत्पन्न, म्हणून झाड तोडणं हा थेट सरकारच्या खिशात हात घालणं होतं. मिठासारखंच. पोलिसांनी काही जणांना पकडलं, जमाव त्यांना सोडवायला मागं लागला, कलेक्टर नाईट फौजफाटा घेऊन आला, गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण पहिला पडला. मग लोकांचा तोल गेला, कोर्टाची इमारत पेटली, पोलीस मारले गेले, आणखी गोळीबार झाला, आणखी माणसं पडली.

१२ मेला लष्कराच्या हातात शहर गेलं आणि ते ३० जूनपर्यंत, म्हणजे जवळपास पन्नास दिवस. त्या काळात राष्ट्रीय झेंडा घेऊन फिरणं, गांधी टोपी घालणं हे शिक्षेचं कारण होतं. डोक्यावरची टोपी हा गुन्हा! आज आठवडी बाजारात पांढरी टोपी घातलेले म्हातारे बाबा दिसले की मला हे हमखास आठवतं.

पोरं लिहितात 'सोलापूर मार्शल लॉ, ८ मे'. चूक आहे. ८ मे गोळीबार, १२ मे मार्शल लॉ.

८. 'सोलापूर तीन दिवस स्वतंत्र होतं' हे खरं आहे का नुसतं फॉरवर्डमधलं?

त्याच्यात तथ्य आहे, फक्त शब्द सांभाळून वापरायचे. ८ मेच्या दंगलीनंतर पोलीस शहरातून मागं घेतले गेले आणि ९, १०, ११ मे या तीन दिवसांत इंग्रजांचा अंमल शहरात दिसत नव्हता, काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रस्त्यावरची व्यवस्था बघितली. पण म्हणून वेगळं सरकार स्थापन झालं, कुणी पंतप्रधान झाला असं काही नाही, तसले मेसेज पुढं पाठवू नका. साताऱ्याचं प्रतिसरकार ही १९४३ नंतरची वेगळी गोष्ट, तिथं न्यायदान वगैरे बरीच वर्षं चाललं, ती याच्यात मिसळू नका. तीन दिवस लोकांनी आपलं शहर आपण चालवलं, एवढं जरी लिहिलं तरी ते फार मोठं आहे.

९. चार हुतात्म्यांना मार्शल लॉमध्ये फाशी झाली ना?

नाही, आणि ही चूक चांगल्या चांगल्या भाषणात ऐकलीय. मार्शल लॉ ३० जून १९३० ला उठला होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांवर ८ मेला पोलिसांच्या झालेल्या खुनाचा आरोप ठेवला होता. फाशी झाली १२ जानेवारी १९३१ ला, पुण्यात येरवडा तुरुंगात, म्हणजे मार्शल लॉ उठल्यावर सहा महिन्यांहून जास्त काळानं. कुर्बान हुसेन जेमतेम विशी ओलांडलेला होता आणि 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचा. जागाही लोक चुकवतात, सोलापूरच्या जेलमध्ये फाशी दिली असं सांगतात. चौकात पुतळे सोलापुरात आहेत, फाशी येरवड्याची.

चार पुतळ्यापाशी रोज हजारो माणसं उतरतात, रिक्षावाले 'चार पुतळा, चार पुतळा' ओरडतात, आणि बऱ्याच जणांना चारही नावं सांगता येत नाहीत. एका बारा जानेवारीला सकाळी मी तिथं उभा होतो, पुतळ्यांच्या गळ्यात झेंडूचे हार, खाली पाकळ्यांचा खच, आणि एक बाप लहान पोराला खांद्यावर घेऊन नावं वाचून घेत होता. पोरगं 'धनशेट्टी'वर अडखळलं, बापानं परत म्हणायला लावलं, मग पुढच्या नावाकडं गेले. चारही नावं झाल्याशिवाय तो माणूस हलला नाही. तुम्हीही घरातल्या लेकरांना एवढं करा.

१०. १२ जानेवारीला शाळेत जिजाऊ जयंती करायची, युवा दिन करायचा का हुतात्मा दिन?

तिन्ही खऱ्या तारखा आहेत. जिजाऊंचा जन्म १५९८, विवेकानंदांचा १८६३, आणि आपले हुतात्मे १९३१. बाहेरगावच्या पुस्तकात तिसरी सापडणार नाही म्हणून सोलापूरच्या शाळेत ती आवर्जून सांगायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत. चितगावच्या सूर्य सेन यांनाही १२ जानेवारीलाच फाशी झाली, वर्ष १९३४, दोघांच्या वर्षात गल्लत करू नका.

११. सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा १९३० मध्ये फडकला म्हणतात, तेव्हा तर तिरंगा नव्हताच ना?

बरोबर पकडलंत. ६ एप्रिल १९३० ला, दांडीला मीठ उचललं त्याच दिवशी, पुण्याचे अण्णासाहेब भोपटकर यांच्या हस्ते आपल्या नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा चढला, आणि असं करणारी देशातली पहिली नगरपालिका आपली, हे सोलापूर अभिमानानं सांगतं. झेंडा तीन रंगांचा होताच, पण आजचा नव्हे. त्या काळच्या काँग्रेसच्या झेंड्यात पांढरा, हिरवा, लाल आणि मधे चरखा होता. केशरी-पांढरा-हिरवा असा चरख्याचा झेंडा १९३१ मध्ये ठरला, आणि अशोकचक्राचा आजचा राष्ट्रध्वज संविधान सभेनं २२ जुलै १९४७ ला स्वीकारला. त्यामुळं १९३० च्या पोस्टरवर अशोकचक्र काढू नका, चरखा काढा. लेकरं चित्रं काढतात तेव्हा हे सांगितलं की त्यांना फार मजा वाटते.

१२. आष्टीची लढाई १८१८ ची का १९४२ ची?

दोन वेगळ्या आष्टी आहेत, खरंतर तीन. मोहोळ तालुक्यातलं आपलं आष्टी, तिथं फेब्रुवारी १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचे सेनापती बापू गोखले लढता लढता पडले, बाजीराव निसटला आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. वर्धा जिल्ह्यातलं आष्टी, तिथं ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूरसारखाच उठाव झाला, परीक्षेत 'चिमूर-आष्टी' असं जोडीनं येतं ते हे. तिसरं बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, त्याचा या दोन्हीशी संबंध नाही. मोहोळच्या आष्टीच्या लढाईची तारीख काही पुस्तकांत १९ तर काहींत २० फेब्रुवारी मिळते, २० जास्त ठिकाणी आहे. आणि पेशवाई आष्टीला संपली असं लिहू नका, बाजीराव माल्कमला शरण गेला जून १८१८ मध्ये.

१३. १७ सप्टेंबरला आमच्या तुळजापूरच्या पाहुण्यांकडं झेंडावंदन असतं, आम्हाला सोलापूरला का नाही?

कारण १९४७ ला आपल्यात आणि त्यांच्यात देशाची सीमा होती. सोलापूर मुंबई प्रांतात, इंग्रजांच्या ताब्यात, म्हणून १५ ऑगस्टला स्वतंत्र. तुळजापूर, नळदुर्ग, उस्मानाबाद (आता धाराशिव) निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आणि निजाम भारतात यायला तयार नव्हता. माझ्या आजीचं माहेर नळदुर्गकडचं आणि सासर सोलापूरचं. ती सांगायची की स्वातंत्र्याच्या दिवशी सासरी पेढे वाटले आणि माहेरी रझाकारांच्या (निजामाच्या बाजूची हत्यारबंद संघटना) भीतीनं दारं लावून बसले होते. एकाच बाईच्या दोन घरांत तेरा महिन्यांचं अंतर! मराठवाड्यातले लोक १७ सप्टेंबर इतक्या जिव्हाळ्यानं का पाळतात ते मला पुस्तकापेक्षा आजीकडून कळलं. सरकारी नाव मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन.

१४. पोलीस ॲक्शन सोलापूरहूनच सुरू झाली हे खरं का? आणि तारीख १३, १७ का १८?

खरं आहे. भारतीय सैन्य निजामाच्या हैदराबाद संस्थानात बऱ्याच बाजूंनी घुसलं पण मुख्य फौज मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखाली सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं गेली. १३ सप्टेंबर १९४८ ला सुरुवात आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. आज त्याच रस्त्यानं एसटीत बसून किल्ला बघायला जाताना हे लक्षात ठेवा. १७ ला निजामानं शरणागती जाहीर केली, १८ ला त्याचा सेनापती एल इद्रूस चौधरींपुढं रीतसर शरण आला. म्हणजे तिन्ही तारखा बरोबर, फक्त कशाची कुठली ते बघायचं, प्रश्न ३ मध्ये सांगितलंय तेच. 'ऑपरेशन पोलो' आणि 'पोलीस ॲक्शन' एकच, वेगवेगळे ऑप्शन समजून फसू नका.

१५. अक्कलकोट निजामाचं होतं का?

नाही. ते भोसले घराण्याचं वेगळं संस्थान होतं आणि १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. मंगळवेढाही तेव्हा सोलापूर जिल्ह्याचं नव्हतं, सांगली संस्थानचं होतं. आजचा नकाशा समोर ठेवून जुना इतिहास वाचला की हा घोळ होणारच.

१६. पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं झालं ते स्वातंत्र्यानंतर ना?

स्वातंत्र्याच्या आधी. साने गुरुजींनी पंढरपुरात १ मे १९४७ ला उपोषण सुरू केलं आणि १० मेला सोडलं, तेव्हा विठ्ठलाचं दार दलितांसाठी उघडायचा निर्णय झाला होता. ज्या देवापुढं चोखोबा उभा राहिला नामदेव पायरीपाशी, बाहेर, त्याच्या दारातून आत जायला १९४७ उजाडावं लागलं. काळाराम सत्याग्रह वेगळा, तो नाशिकचा, २ मार्च १९३० पासून, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली. बाबासाहेबांचा विषय निघालाच आहे तर, बहिष्कृत हितकारिणी सभेचं पहिलं वसतिगृह जानेवारी १९२५ मध्ये निघालं ते आपल्या सोलापुरात.

१७. सेटलमेंट एरियात ३१ ऑगस्टला कार्यक्रम असतो तो कशाचा?

विमुक्त दिनाचा. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, त्यात जन्मालाच गुन्हा ठरवलं, म्हणजे अमुक जमातीत जन्मलात की तुम्ही गुन्हेगार, मग तुम्ही काही केलं असो वा नसो. पोलिसांकडं हजेरी, गाव सोडायला परवानगी, आणि तारेच्या कुंपणाच्या आत वस्ती. सोलापूरची सेटलमेंट ही तसलीच वस्ती, रिक्षावाल्याला आज आपण सहज पत्ता सांगतो 'सेटलमेंट' म्हणून, पण तो शब्द कुंपणाच्या आतला आहे. हा कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. १५ ऑगस्ट १९४७ पासून मोजा, पाच वर्षं आणि सोळा दिवस. ही तारीख बऱ्याच गाईडमध्ये नसते. तुम्ही वहीत स्वतःच्या हातानं लिहा.

१८. महाराष्ट्र १९५६ ला झाला का १९६० ला?

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली तेव्हा मराठवाडा आणि विदर्भ मुंबई राज्यात आले, पण गुजरातही त्यातच, म्हणून ते द्विभाषिक. मराठी माणसाचं राज्य १ मे १९६०. सोलापूर महानगरपालिकाही १ मेचीच, वर्ष १९६४. १ मे १९४७ साठी वरचा प्रश्न १६ बघा.

१९. रेल्वे मुंबई-पुणे पूर्ण व्हायच्या आधीच सोलापूरला आली होती असं एकानं सांगितलं, शक्य आहे का?

नुसतं शक्य नव्हे, तसंच झालंय. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी. पुण्याकडून रूळ टाकत टाकत १८६० ला सोलापूर गाठलं, पण मधला बोरघाट फोडायला वेळ लागला, तो १८६३ ला पूर्ण झाला. म्हणजे तीन वर्षं सोलापूरचा माणूस गाडीत बसायचा, खंडाळ्याला उतरायचा, घाट दुसऱ्या वाहनानं किंवा पायी उतरायचा आणि खाली परत गाडी धरायचा. कापूस आधी बैलगाडीनं जायचा तो आता रेल्वेनं जायला लागला, आणि त्याच रेल्वेमुळं पुढं १८७७ ला जुनी मिल सुरू झाली. मिल आली म्हणून कामगार, आणि कामगार होते म्हणून १९३० झालं. प्रश्न ७ परत वाचा आता.

२०. डॉ. कोटणीस चीनच्या युद्धात गेले म्हणजे १९६२ ला का?

नाही हो. जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, तेव्हा जपाननं चीनवर हल्ला केला होता. त्या पाचांतले ते एक. गोळी लागून गेले असंही नाही, कामाच्या ताणानं आणि फिट्सच्या आजारानं ९ डिसेंबर १९४२ ला गेले, वय फक्त ३२. भारत-चीन युद्ध त्यानंतर वीस वर्षांनी, २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर १९६२.

२१. चौरीचौरा ४ फेब्रुवारी का ५?

जमावानं पोलीस चौकी पेटवली आणि पोलीस मारले गेले, त्या घटनेची तारीख ४ फेब्रुवारी १९२२ लिहा. जुन्या पुस्तकांत ५ आहे, पण शताब्दीचे सरकारी कार्यक्रम ४ फेब्रुवारी २०२१ पासून सुरू झाले होते. असहकार मागं घेतला १२ फेब्रुवारीला बारडोलीत. इथंही बारा आलीच.

२२. आमच्या घरी तारीख कुणालाच सांगता येत नाही, 'विसर्जनाच्या रात्री' असं सांगतात. त्याला इतिहास म्हणायचं का?

म्हणायचं म्हणजे काय, तोच तर इतिहास! किल्लारीचा भूकंप घ्या, हा प्रश्न त्याच्यावरूनच येतो दरवेळी. २९ सप्टेंबर १९९३ ला लोक गणपती बोळवून दमून झोपले आणि ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. घरातली माणसं 'विसर्जनाची रात्र' म्हणतात, कागदावर ३० सप्टेंबर येतं, दोन्ही बरोबर (प्रश्न ५ चा नियम इथंपण लागतो). लातूर, उस्मानाबादकडं गावंच्या गावं झोपेत गेली, धक्का इकडं सोलापुरातही बसला, आमच्या गल्लीत सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आले होते आणि उजाडेपर्यंत कुणी आत जायला तयार नव्हतं. माळ्यावरची पितळेची भांडी खाली पडल्याचा आवाज आईला अजून आठवतो.

तर घरातली म्हातारी माणसं जसं सांगतील तसंच आधी लिहून घ्या, 'मिल बंद पडली त्या उन्हाळ्यात', 'आषाढीच्या आदल्या दिवशी', जे असेल ते. तारीख लगेच विचारू नका, त्यांची लिंक तुटते. नंतर जुनं पंचांग किंवा कॅलेंडर बघून समोर इंग्रजी तारीख टाका, नाही जमलं तर त्या पानाचा फोटो मला पाठवा, रविवारी बसून आपण काढू.